मड टायर : पिकअपसाठी निवड

चिखल, गाळ, सैल माती आणि दगडगोटे यांतून वाहनास ओढ मिळावी म्हणून ज्याच्या पृष्ठभागावर उंच, जाड आणि एकमेकांपासून पुष्कळ अंतर राखलेल्या रबरी ठोकळ्यांची नक्षी दिलेली असते, त्या टायरास व्यवहारात ‘मड टायर’ म्हणतात. त्याच्या साइडवॉलवर बहुधा ‘एम/टी’ ही अक्षरे आढळतात. डांबरी सडकेसाठी केलेला ‘एच/टी’ आणि दोन्ही मार्गांचा बेताबेताने विचार करणारा ‘ए/टी’ हे त्याचे भाऊबंद होत. प्रस्तुत नोंदीत शेत, पाणंद आणि महामार्ग या तिन्हींवर रोज चालणाऱ्या मालवाहू पिकअपसाठी या टायराची निवड कशी करावी, याचा विचार केला आहे.

या टायराचे सारे मर्म ठोकळ्यांपेक्षा त्यांच्यामधील रिकाम्या जागेत आहे. ठोकळा मातीत घुसतो, दोन ठोकळ्यांमध्ये सापडलेला मातीचा घट्ट गोळा चाकाला रेटा देतो, आणि चाक वर येताना फिरण्याच्या वेगाने तो गोळा बाहेर फेकला जाऊन खाच पुढच्या घासासाठी मोकळी होते. खाच मोकळी झाली नाही तर कितीही किमती टायर घटकाभरात गोटा झालेल्या टायरासारखा वागू लागतो. महामार्गी टायराच्या खाचा नव्या असताना सुमारे ८ मिलिमीटर खोल असतात. मड टायराच्या बहुधा १३ ते १५ मिलिमीटर. मात्र जी पोकळी चिखलात उपयोगी पडते, तीच डांबरावर उणीव ठरते. रस्त्याला टेकणारे रबर कमी भरते, उंच ठोकळे ब्रेकच्या ताणाखाली वाकतात, आणि ओल्या सडकेवर पाण्याचा पापुद्रा तोडणाऱ्या बारीक चिरा या नक्षीत थोड्याच असल्याने वाहन थांबण्यास जास्त अंतर लागते. गुणगुण आवाज व वाढलेला इंधनखर्च ही गैरसोय सोसता येते. पावसाळ्यात भरल्या गाडीने घाट उतरताना वाढलेले हे अंतर मात्र परक्याच्या जिवाशी संबंधित आहे, आणि निवडीत त्याला पहिले स्थान दिले पाहिजे.

चिखलाच्या नक्षीचा एक जुना नमुना दुसऱ्या महायुद्धातील विलिज जीपवर होता. ६.००-१६ मापाच्या त्या अरुंद टायरावरील ठोकळे दोन्ही दिशांस सारखे असल्याने जीप मागे घेतानाही तितकीच ओढ मिळे. स्वातंत्र्योत्तर काळात महिंद्रांनी मुंबईत जीप जोडण्यास आरंभ केल्यावर हे रूप आपल्याकडे परिचित झाले, आणि जुन्या जीपांचे हौशी मालक अजूनही त्याचा आग्रह धरतात. परंतु ओल्या डांबरावर ती नक्षी फार घसरते आणि तिच्या खाचा चिखलाने लवकर बुजतात, म्हणून आजच्या कामासाठी तिची शिफारस करता येत नाही.

चिखल हा शब्द एक असला तरी वस्तू एक नाही, आणि टायर निवडणारा बहुधा येथेच फसतो. कोकणात जांभ्याच्या कातळावर तांबड्या मातीचा थर असतो. वरचा भाग निसरडा, पण वीतभर खाली घट्ट बूड सापडते. अशा ठिकाणी अरुंद टायर थर कापून बुडाला लागतो आणि गाडी चालू राहते. रुंद टायर मात्र वरच्या वरच घसरतो. सोलापूर, मराठवाडा व विदर्भ येथील काळ्या मातीचा प्रकार वेगळा. पाणी पिऊन फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण तिच्यात मोठे असल्याने ती भिजल्यावर खोलवर लोण्यासारखी होते, बूड सापडत नाही, आणि चाकाला चिकटलेली माती सुटण्याऐवजी मडगार्डपर्यंत चढत जाते. पांदणीतून शंभर पावले गेल्यावर खाली उतरून पाहिले तर नक्षी दिसतच नाही, दिसतो तो फक्त एक गुळगुळीत काळा गोल. येथे तुलनेने रुंद टायर, दूर दूर ठेवलेले ठोकळे आणि उतरवलेली हवा यांचा थोडा उपयोग होतो. परंतु भर पावसात रानात गाडी न घालता वाफसा येईपर्यंत थांबणे, ही शेतकऱ्याची जुनी रीत कोणत्याही टायरापेक्षा अधिक भरवशाची आहे. मुरूम टाकलेल्या पाणंदीस तर ‘ए/टी’ पुरेसा होतो.

म्हणून खरेदीपूर्वी महिन्याच्या प्रवासाचा प्रामाणिक हिशेब मांडावा. दूध किंवा भाजीपाला घेऊन रोज पहाटे बाजारास जाणाऱ्या गाडीचे शंभरातील नव्वद किलोमीटर डांबरावर होत असतील, तर उरलेल्या दहांसाठी मड टायर घेणे वाजवी नाही. ‘ए/टी’ घ्यावा आणि साखळी, फळ्या व फावडे गाडीत ठेवावे. निम्म्याहून अधिक वहिवाट कच्च्या वाटेने असेल, आणि रुतलेली गाडी काढण्यात दिवस मोडत असतील, तर मड टायराचा खर्च सार्थकी लागतो.

मापाचा विचार नंतरचा, पण चुकवू नये असा. २३५/७५ आर १५ या मापात रुंदी २३५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ७५ टक्के आणि डिस्क १५ इंचांची असते. त्यावरून चाकाचा व्यास सुमारे ७३४ मिलिमीटर येतो. त्याऐवजी ३१ इंचांचा टायर बसवला तर व्यास सात टक्क्यांनी वाढतो, मीटरवर ६० दिसत असता गाडी सुमारे ६४ च्या वेगाने धावत असते, चढावर इंजिन दमते आणि ब्रेकवर ताण पडतो. नोंदणी दाखल्यातील तपशील उत्पादकाने मुकर्रर केलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा फेरफार करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने मनाई केली आहे. तेव्हा कंपनीने मान्य केलेल्या मापांतूनच निवड करावी. मापापुढील १०४/१०१ क्यू अशा अंकांत वजनाचा हुकूम असतो: १०४ म्हणजे एका टायरावर ९०० किलो, १०१ म्हणजे जोडचाकात प्रत्येकी ८२५ किलो, आणि क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटरची मर्यादा. मूळ टायरापेक्षा कमी वजनांक असलेला टायर, नक्षी कितीही दणकट दिसली तरी, मालवाहू गाडीस लावू नये. साइडवॉलवरील चार आकडी तारीखही वाचावी. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा.

चारही चाकांना ओढ देणाऱ्या गाडीत चारही टायर एकाच मापाचे व जवळपास सारखेच झिजलेले असणे अत्यावश्यक आहे, आणि स्टेपनीही त्याच मापाची हवी. चिखलात रिकाम्या गाडीची हवा १८ ते २० पौंडांपर्यंत उतरवली असता टायर पसरून पकड वाढते. सडकेवर येण्यापूर्वी ती पूर्ववत भरलीच पाहिजे, कारण कमी हवेचा टायर वेगात तापून फुटतो. रानातून बाहेर पडताना खाचांतील माती काठीने वा पहारीने काढावी. ती न काढल्यास गाडी वेग घेताच मातीचे ढेकळांएवढे गोळे डांबरावर पडत जातात, आणि पावसाची सर आल्यावर त्यांचा जो राडा होतो, त्यावरून मागून येणारा दुचाकीस्वार घसरतो.