तुटलेला तंतू आणि अर्धे वाक्य

आम्ही वैद्य नाही. सातवीनंतर आमची शाळा सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयात झाले. या विषयाकडे आम्हांस एका हमालाने वळविले. गोदामात पोत्यांची थप्पी कोसळून त्याचा मज्जारज्जू तुटला. डॉक्टर म्हणाले, “आता तंतू जुळणे नाही.” मालकाने पुढचे वाक्य जोडले, “मग खर्च कशाला?” हा निकाल प्रथम दिला कोणी, याचा शोध आम्ही घेऊ लागलो.

निकाल फार जुना आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० वर्षांच्या एका इजिप्शियन लेखात मानेचा मणका सरकून हातपाय बधिर झालेल्या रोग्याविषयी स्पष्ट लिहिले आहे की, या आजारावर इलाज करू नये. पुढे १९१३-१४ साली स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलेले ग्रंथरूपाने मांडले. तुटलेल्या तंतूला प्रथम धुमारे फुटतात, मग ते खुंटतात. प्रौढ मज्जासंस्थेतील वाटा ठरून गेलेल्या आहेत, असे ते म्हणाले. पण हा निकाल बदलणे भावी विज्ञानाच्या हाती आहे, असेही त्यांनी लिहिले. जगाने अर्धेच वाक्य लक्षात ठेवले.

१९४४ मध्ये इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमान यांनी तंतू जुळण्याची वाट पाहिली नाही. रोग्यास वेळेवर कुशीवर वळवा, शय्याव्रण व मूत्रदोष टाळा, हाताला काम द्या, हा त्यांचा खाक्या. २९ जुलै १९४८ रोजी त्यांच्या आवारात १६ अपंग सैनिक स्त्रीपुरुषांनी चाकाच्या खुर्चीतून तिरंदाजी केली.

१९८१ साली माँट्रियलमध्ये डेव्हिड आणि अग्वायो यांनी उंदराच्या पायातील मज्जातंतूचा पूल मज्जारज्जूला जोडला. त्या पुलातून तंतू सुमारे ३ सेंटीमीटर वाढले! म्हणजे तंतू आळशी नव्हता; खात्यातली हवाच त्याला काम करू देत नव्हती. १९८८ मध्ये कारोनी आणि श्वाब यांनी तंतूंच्या आवरणात वाढ रोखणारी प्रथिने दाखविली. जखमेच्या व्रणातही अशी प्रथिने असतात. पेशी ती घडवून वर शर्करेच्या लांब साखळ्या चिकटविते. अडसर बव्हंशी त्या साखळ्यांचा. २००२ साली लंडनमध्ये एलिझाबेथ ब्रॅडबरी व सहकाऱ्यांनी जिवाणूपासून मिळणाऱ्या एका विकराने त्या साखळ्या छाटल्या. उंदरांचे काही तंतू वाढले, चाल सुधारली.

परंतु उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसाचा तुटलेला मज्जारज्जू पूर्ववत करणारे सिद्ध औषध आजही नाही; कोणी विकत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

आमच्या हमालाला भांडून भरपाई मिळाली. तो चालत नाही. पण त्याच्या पाठीला व्रण नाही, आणि तो बसून पिशव्या शिवतो. तंतू जुळेल तेव्हा जुळेल. तोवर माणूस जगविण्याचा खर्च टाळायला विज्ञानाचे अर्धे वाक्य कोणी वापरू नये, एवढेच आमचे मागणे आहे.