उपग्रह दूरचित्रवाणी ध्वनिचित्रमुद्रक

उपग्रहावरून येणारे दूरचित्रवाणी कार्यक्रम ग्रहण करून ते अंकीय स्वरूपात चुंबकीय तबकडीवर साठविणारे व हवे तेव्हा पुन्हा दाखविणारे घरगुती यंत्र. सेट-टॉप बॉक्स व ध्वनिचित्रमुद्रक ही पूर्वी स्वतंत्र असलेली दोन साधने त्यात एकत्र आली. ही यंत्रे १९९९ पासून प्रथम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आणि २००१ पासून ब्रिटनमध्ये प्रचारात आली. साठवणक्षमता, ट्यूनरांची संख्या व किंमत या निकषांवर प्रारंभी त्यांची तुलना होत असे. तथापि त्यांच्या पुढील इतिहासात या निकषांपेक्षा एक वेगळाच प्रश्न निर्णायक ठरला : घरातील यंत्रात साठविलेल्या कार्यक्रमावर ताबा कोणाचा, प्रेक्षकाचा की प्रक्षेपण कंपनीचा?

पूर्वपीठिका : दूरचित्रवाणीचे चित्र फितीवर मुद्रित करण्याचे व्यवहारोपयोगी यंत्र अँपेक्स या अमेरिकन कंपनीने १९५६ मध्ये तयार केले. अमेरिकेच्या पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील वेळांत तीन तासांचा फरक असल्याने पूर्वेकडील कार्यक्रम पश्चिमेकडे उशिरा दाखविण्यासाठी ते त्याच वर्षी वापरात आले. म्हणजे कार्यक्रमाची वेळ पुढे ढकलण्याची सोय प्रथम प्रक्षेपकाला मिळाली. सोनी कंपनीच्या बीटामॅक्स (१९७५) व जेव्हीसी कंपनीच्या व्हीएचएस (१९७६) या पद्धतींमुळे तीच सोय सामान्य घरात पोहोचली. यावर चित्रपट कंपन्यांनी हरकत घेतली. हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने न्यायालयाने असा निर्णय दिला, की नंतर पाहण्यासाठी घरी केलेले मुद्रण हा स्वामित्वहक्काचा भंग नव्हे. व्हीएचएसची फीत प्रेक्षकाच्या मालकीची असे. ती शेजाऱ्याला देता येई, दुसऱ्या यंत्रावर लावता येई व वर्षानुवर्षे जपून ठेवता येई. पुढील यंत्रांची तुलना करताना ही बाब लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

तबकडीवरील मुद्रण : १९९९ मध्ये टिव्हो व रिप्लेटीव्ही ही दोन यंत्रे अमेरिकेच्या बाजारात आली. त्यांत फितीऐवजी संगणकातील चुंबकीय तबकडी होती. तबकडीवर एकाच वेळी लेखन व वाचन होऊ शकते. त्यामुळे चालू कार्यक्रम मध्येच थांबविणे, मागे नेणे आणि मुद्रण पूर्ण होण्यापूर्वीच तो आरंभापासून पाहणे शक्य झाले. फितीच्या यंत्रावर दिवस, वेळ व वाहिनी हाताने नोंदवावी लागे. या यंत्रांना कार्यक्रमपत्रिका दूरध्वनीच्या तारेवरून मिळत असे. प्रेक्षकाने मालिकेचे नाव एकदा निवडले, की तिचे सर्व भाग आपोआप मुद्रित होत. टिव्होच्या या सेवेसाठी दरमहा सु. १० डॉलर वर्गणी होती.

ही यंत्रे कोणत्याही स्रोताशी जोडता येत, पण त्यांत एक उणीव होती. उपग्रहावरून अंकीय स्वरूपात आलेले चित्र सेट-टॉप बॉक्समध्ये सदृश स्वरूपात उलगडले जाई आणि मुद्रक त्याचे पुन्हा संपीडन करी. या दुहेरी क्रियेत चित्राचा दर्जा घटे. ग्राही व मुद्रक एकाच पेटीत बसविल्यास उपग्रहावरून आलेला अंकीय प्रवाह जसाच्या तसा तबकडीवर उतरविता येतो आणि मुद्रित चित्र मूळ प्रक्षेपणासारखेच राहते. उपग्रह मुद्रकाचे हे सर्वांत मोठे तांत्रिक बलस्थान होय.

आरंभीच्या यंत्रांची तुलना : एकोस्टार कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने १९९९ मध्ये डिशप्लेयर हे यंत्र आणले. डायरेक्टटीव्हीच्या ग्राहकांसाठी २००० मध्ये टिव्होयुक्त ग्राही व त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टचे अल्टिमेटटीव्ही ही यंत्रे विक्रीस आली. या दोहोंची क्षमता सु. ३५ तास होती. ब्रिटनमध्ये २००१ साली स्काय कंपनीने स्काय प्लस हे ४० गिगॅबाइट तबकडीचे व सु. २० तास क्षमतेचे यंत्र आणले.

तासांचे हे आकडे फसवे होते. प्रवाहाचा सरासरी वेग सेकंदास ४ मेगाबिट धरल्यास एका तासाला १·८ गिगॅबाइट जागा लागते आणि ४० गिगॅबाइटमध्ये सु. २२ तास मावतात. वेग कमी असलेल्या वाहिनीचे तास वाढतात, तर वेगवान हालचालींमुळे अधिक वेगाने प्रक्षेपित होणाऱ्या क्रीडावाहिनीचे घटतात. साध्या टिव्होवर दर्जा व तास यांतील निवड प्रेक्षक करी. उपग्रह मुद्रकात ती प्रक्षेपकाकडे गेली.

ट्यूनरांची संख्या हा अधिक उपयुक्त निकष होता. एका ट्यूनरच्या यंत्रात मुद्रण चालू असता दुसरी वाहिनी पाहता येत नसे. स्काय प्लसमध्ये आरंभापासून दोन ट्यूनर होते, तर डायरेक्टटीव्हीच्या टिव्होतील दुसरा ट्यूनर २००१ मध्ये आज्ञावलीत सुधारणा झाल्यावर कार्यान्वित झाला. दोन ट्यूनरांसाठी डिशपासून दोन केबली आणाव्या लागत. उपग्रहाच्या लहरी आडव्या व उभ्या अशा दोन ध्रुवणांत आणि वरच्या व खालच्या अशा दोन कंप्रतापट्ट्यांत विभागलेल्या असतात. एका केबलीवरून एका वेळी त्यांपैकी एकच संच येत असल्याने दुसऱ्या ट्यूनरला स्वतंत्र केबल लागे.

सोयींच्या बाबतीत टिव्हो सरस होता. प्रेक्षकाची आवड नोंदवून तो न सांगता काही कार्यक्रम मुद्रित करी. आरंभीच्या स्काय प्लसमध्ये अशी सोय नव्हती. पण स्काय प्लसच्या चित्राचा दर्जा चांगला होता आणि तो कंपनीच्या सेवेत पूर्णपणे सामावलेला होता. ब्रिटनमध्ये टिव्होची विक्री २००३ मध्ये थांबली. स्काय प्लस मात्र कोट्यवधी प्रेक्षकांपर्यंत पोहोचला.

ताब्याचा प्रश्न : या यशाची किंमत हळूहळू स्पष्ट झाली. मे २००२ मध्ये बीबीसीची एक मालिका ब्रिटनमधील टिव्हो यंत्रांवर प्रेक्षकांनी न मागता मुद्रित झाली आणि तक्रारी झाल्या. २००४ मधील सुपर बोल सामन्याच्या मध्यंतरातील एक प्रसंग सर्वाधिक वेळा पुन्हा पाहिला गेला, असे टिव्हो कंपनीने जाहीर केले. त्यामुळे रिमोटवरील प्रत्येक दाबाची नोंद कंपनीकडे जाऊ शकते, हे लोकांच्या ध्यानी आले.

याहून महत्त्वाचा होता टिव्हो विरुद्ध एकोस्टार हा एकस्वासंबंधीचा दावा (२००४). त्यात २००६ मध्ये टिव्होच्या बाजूने निकाल लागला आणि ग्राहकांच्या घरी असलेल्या असंख्य यंत्रांतील मुद्रणाची सोय दूरस्थ रीतीने बंद करावी, असा आदेश न्यायालयाने दिला. अपिलामुळे तो स्थगित झाला व २०११ मध्ये ५० कोटी डॉलरच्या तडजोडीने वाद मिटला. फितीच्या यंत्राबाबत असा आदेश अमलात आणणे केवळ अशक्य होते. पुढे डिश कंपनीच्या हॉपर या यंत्रात २०१२ मध्ये जाहिराती आपोआप वगळण्याची सोय आली. मुद्रण प्रेक्षक करतो, कंपनी नव्हे, या भूमिकेला अपील न्यायालयाने २०१३ मध्ये प्राथमिक टप्प्यावर मान्यता दिली. तरीही २०१४ मध्ये डिश व डिस्नी या कंपन्यांत झालेल्या करारानुसार डिस्नीच्या एबीसी जाळ्यावरील कार्यक्रमांसाठी ही सोय प्रक्षेपणानंतर तीन दिवस रोखण्यात आली. न्यायालयात जे टिकले, ते अशा रीतीने करारात मर्यादित झाले.

मुद्रित प्रवाह सांकेतिक स्वरूपात साठविला जात असल्याने तो दुसऱ्या यंत्रावर चालत नाही. यंत्र बिघडल्यास किंवा बदलल्यास संग्रह सामान्यतः नष्ट होतो. स्वतंत्र यंत्रेही सेवेवर अवलंबून होती. ब्रिटनमधील जुन्या टिव्होला कार्यक्रमपत्रिका पुरविणारी सेवा २०११ मध्ये बंद झाली, तेव्हा आजीव वर्गणी भरलेल्यांनाही ती मिळेनाशी झाली.

भारतातील प्रसार : भारत सरकारने थेट घरी उपग्रह प्रक्षेपणास २००० मध्ये परवानगी दिली. डिश टीव्ही २००३ मध्ये व टाटा स्काय २००६ मध्ये सुरू झाले. टाटा स्काय प्लस हा दोन ट्यूनरांचा मुद्रक २००८ मध्ये आला. पुढे इतर कंपन्यांनी बाहेरून जोडलेल्या स्मृतिसाधनावर मुद्रण करणाऱ्या स्वस्त पेट्याही विकल्या. ते मुद्रणही सामान्यतः त्याच पेटीपुरते मर्यादित असे. भारतीय परिस्थितीत मुद्रणाला दोन अडचणी होत्या. जोरदार पावसात उच्च कंप्रतेच्या लहरी क्षीण होतात व मुद्रणात खंड पडतो. तसेच भारनियमनाच्या काळात ठरविलेले मुद्रण होतच नसे. महाराष्ट्रातील ग्रामीण प्रेक्षकांना या दोन्हींचा अनुभव होता.

उत्तरकाल : चुंबकीय तबकडीची क्षमता पुढे २,००० गिगॅबाइटपर्यंत वाढली आणि स्काय क्यू (२०१६) सारख्या यंत्रांत अनेक ट्यूनर आले. पण तोवर इंटरनेटवरून हवा तो कार्यक्रम मागविणे सोपे झाले होते. स्काय कंपनीने २०२१ मध्ये आणलेल्या दूरचित्रवाणी संचाला डिश लागत नाही व त्यात मुद्रणाची तबकडीही नाही. प्रेक्षक जी यादी करतो, तिच्यातील कार्यक्रम कंपनीच्या किंवा वाहिनीच्या संगणकावरून येतो आणि त्यांचा हक्क संपताच यादीतून नाहीसा होऊ शकतो. उपग्रह मुद्रक हा या दृष्टीने फीत व इंटरनेट यांमधील दुवा ठरतो : त्याने प्रेक्षकाला वेळेच्या बंधनातून मुक्त केले, परंतु फितीने दिलेला संग्रहाचा अधिकार त्याच्या हातून काढून घेतला. दूरचित्रवाणीच्या पूर्वकालीन कार्यक्रमांपैकी काही केवळ घरगुती फितींमुळेच आज उपलब्ध आहेत. उपग्रह मुद्रकांच्या तबकड्यांतून अशी भर पडण्याची शक्यता मात्र फार थोडी आहे.