कावसजीचे नाक आणि पुण्याजवळचा अनामिक शस्त्रवैद्य

१/ ऑक्टोबर १७९४. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये 'बी. एल.' या आद्याक्षरांनी एक पत्र प्रसिद्ध झाले. सोबत कपाळावर मोठा व्रण असलेल्या एका माणसाचे चित्र होते. मानवी त्वचेविषयीचा एक महत्त्वाचा धडा या पत्रातून युरोपला मिळाला.

२/ चित्रातील माणूस कावसजी. पत्रानुसार तो शेतकरी जातीतील मराठा; १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेचे बैल हाकणारा. तो टिपूच्या कैदेत सापडला. तेथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो नाकाविना राहिला.

३/ पुढे पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतील एका माणसाने, बहुधा कुंभाराने, त्याला नवे नाक बसवले. अशी शस्त्रक्रिया थॉमस क्रुसो व जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातील डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिली होती.

४/ कृती अशी: मेणाच्या पातळ पत्र्याला नाकाचा आकार देत. तो सपाट करून कपाळावर ठेवत, भोवती रेघ आखत आणि तेवढी त्वचा सोडवत. दोन डोळ्यांमधील अरुंद पट्टी मात्र जोडलेलीच राही. त्वचा खाली वळवून बसवल्यावर वरून ओल्या काथाच्या पट्ट्या लावत. ४ दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले फडके ठेवत. सुमारे २५ व्या दिवशी जोडपट्टी कापत.

५/ सारे मर्म त्या पट्टीत होते. पूर्ण तोडलेली त्वचा रक्ताविना मरते. पट्टीतून रक्त वाहत राहिले, तर नव्या जागी जीव धरेपर्यंत ती तगते. त्वचा हे नुसते आवरण नसून जिवंत इंद्रिय आहे, हे या कारागिराला ठाऊक होते.

६/ सुश्रुतसंहितेत नाकासाठी गालाची त्वचा सांगितली आहे. येथे कपाळाची वापरली. म्हणजे ही केवळ पोथीची नक्कल नव्हती.

७/ लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये हीच पद्धत अवलंबिली आणि १८१६ मध्ये तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. कपाळाच्या त्वचेने नाक घडवण्याची पद्धत आजही वापरात आहे.

८/ रुग्णाचे नाव उरले, साक्षीदारांचे उरले, चित्रकार जेम्स वेल्स यांचेही उरले. ज्याच्या हातांनी नाक घडवले, त्याची पत्रात फक्त जात नोंदली गेली. नाव कोणी विचारले नाही.