पॅक फोडल्याची तारीख



गेल्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी मी थोरल्या जाऊबाईंची क्षमा मागितली ती दवाखान्यात, त्यांच्या खाटेशेजारी उभं राहून. त्यांच्या हाताला सलाईन लावलेलं होतं. दशलक्षण पर्वाच्या शेवटी त्यांनी तीन उपवास केले होते आणि पारणं आमच्या घरी होतं. त्यांना गाईम्हशीचं दूध पचत नाही, म्हणून मुगाच्या पाण्यानंतर मी त्यांना बदामाचं दूध दिलं. फ्रिजमध्ये टेट्रापॅक होता, त्यातलंच. रंग पांढराशुभ्र, वास काहीच नाही. कोमट केलं, वेलची घातली आणि दिलं. दुपार उलटेपर्यंत त्यांना उलट्या सुरू झाल्या.

डॉक्टरांनी काय काय खाल्लं ते विचारलं. मग म्हणाले, "हा पॅक कधी फोडला होता?"

मला उत्तर देता आलं नाही. मी बी.कॉम. झालेली बाई. लग्नानंतर पंचवीस वर्षं घरच्या दुकानाची खतावणी लिहिली. कुठला माल कधी आला, कधी गेला, सगळं तारखेनिशी. आधी आलेला माल आधी बाहेर काढायचा, हे पोरांना मीच शिकवलं. आणि स्वतःच्या फ्रिजमधला पॅक कोणी, कधी फोडला, हे मला ठाऊक नव्हतं. उपवासाच्या पोटाला दुसरंही काही बाधलं असेल, असं डॉक्टर म्हणाले. त्यांचा चांगुलपणा. पण त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, हे काही त्यामुळे बदलत नाही.

जाऊबाई तीन दिवसांत बऱ्या झाल्या. मी मात्र तेव्हापासून या दुधाच्या मागे लागले. हे दूध आलं कुठून, पूर्वीचे लोक ते खराब झालेलं कसं ओळखायचे आणि आपल्याला का ओळखता येत नाही, हे जमेल तसं वाचत गेले. त्यातलं उपयोगाचं आज लिहिते आहे.

सुरुवात आपल्याच घरापासून करते. खराब होण्याला आपल्या बोलीत किती शब्द आहेत पाहा. दूध नासतं, भाजी उतरते, भात आंबतो, आमटी विटते, खोबरं खवट होतं, पीठ कुबट लागतं. शास्त्रात या सगळ्यांना मिळून एक शब्द आहे, चलितरस. ज्याची चव, वास, रंग किंवा स्पर्श मूळ जागेवरून चळला, ते अभक्ष्य. बावीस अभक्ष्यांत त्याची गणना होते.

पण आपले आचार्य तेवढ्यावर थांबले नाहीत. चव बदलेपर्यंत वाट पाहा, असं त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी मर्यादा घालून दिली. दूध काढल्यापासून दोन घटिकांच्या आत, म्हणजे ४८ मिनिटांत, गाळून तापवायचं. तापवलेल्या दुधाची मर्यादा आठ प्रहर, म्हणजे २४ तास. पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३. मुनिमहाराजांच्या आहारासाठी चौका लावणाऱ्या प्रत्येकीला हे तोंडपाठ असतं. सून म्हणून आले तेव्हा मला ते जाचक वाटायचं. पावसाळ्यात चौथ्या दिवशीच्या पिठाला कसला वास येतो? काहीच नाही. तरी सासूबाई ते चौक्यात घेऊ देत नसत. "वास यायला लागला म्हणजे उशीर झाला," एवढंच म्हणायच्या. त्याचा अर्थ मला दवाखान्यात कळला.

आता या वनस्पतींच्या दुधाचा इतिहास. आपल्याला वाटतं हे सगळं आत्ताचं फॅड आहे. तसं नाही. युरोपात मध्ययुगात बदामाचं दूध फार चालायचं, आणि तेही धर्माच्या कारणाने. ईस्टरच्या आधीचे ४० दिवस ख्रिस्ती लोक उपवास पाळत. त्या काळात मांस तर नाहीच, पण दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य असत. वर्षभरात इतरही उपवासाचे वार असायचे. मग स्वयंपाकी बदामाकडे वळले. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्यातल्या आचाऱ्यांनी सुमारे १३९० साली पाककृतींचा एक संग्रह केला. त्यात बदामाचं दूध पुन्हा पुन्हा येतं. बदाम महाग, तेव्हा ही चैन अर्थात श्रीमंतांचीच.

मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटली. तेव्हा फ्रिज नव्हता. जनावराचं दूध लवकर आंबायचं, म्हणून त्यातल्या बऱ्याचशा दुधाचं लोणी आणि चीज करून टाकत. बदाम मात्र कोरडा. तो महिनोन्महिने टिकतो. लागेल तेव्हा सोलायचा, कुटायचा, पाण्यात कालवून फडक्यातून गाळायचा. म्हणजे त्यांच्या कोठारात दुधाचा साठा नव्हता, बियांचा होता. मागणी आली की माल तयार. दूध कधीचं आहे, हा प्रश्नच उठत नव्हता, कारण ते नेहमी आत्ताचंच असायचं.

आपल्याकडे कोकणात आजही हेच चालतं. रत्नागिरीची माझी एक मैत्रीण सोलकढीसाठी नारळ त्याच वेळी खवते, दूध काढते आणि कढी त्याच जेवणात संपवते. चीनमध्येही पिढ्यानपिढ्या सोयाबीन वाटून, गाळून, उकळून ते दूध सकाळी गरम गरम पिण्याची पद्धत आहे. तीन देश, तीन बिया आणि रीत एकच. साठवायची ती बी, दूध नाही.

ही रीत मोडली ती दूध विकायला निघाल्यावर. याचं उत्तम उदाहरण हाँगकाँगचं आहे. चीन-जपान युद्धामुळे तिथे निर्वासितांची रीघ लागली होती. त्यांचं कुपोषण लो क्वी-सिओंग या गृहस्थांनी पाहिलं. गाईचं दूध ज्यांना परवडत नाही त्यांना स्वस्तात प्रथिनं मिळावीत, म्हणून त्यांनी १९४० साली सोयादुधाचा कारखाना काढला. तीच पुढची व्हिटासॉय कंपनी. सुरुवातीला बाटल्या सायकलवरून घरोघर जायच्या. पण हाँगकाँगची हवा आपल्या मुंबईसारखी, उष्ण आणि दमट. सकाळी भरलेलं दूध लवकर संपलं नाही तर नासायचं. १९४१ च्या डिसेंबरात जपान्यांनी शहर घेतलं आणि कारखाना बंद पडला. युद्धानंतर तो पुन्हा सुरू झाला, पण दूध टिकवण्याचा प्रश्न होताच. १९५३ साली त्यांनी बाटलीतलं दूध निर्जंतुक करायला सुरुवात केली, तेव्हा कुठे ते फ्रिजशिवाय दुकानाच्या फळीवर राहू लागलं. १९७५ साली ते कागदी खोक्यात आलं.

ते खोकं स्वीडनचं. रूबेन राउसिंग यांनी १९५१ साली टेट्रापॅक कंपनी स्थापन केली आणि पुढच्या दशकात निर्जंतुक दूध निर्जंतुक खोक्यात भरण्याची युक्ती बाजारात आणली. दूध काही सेकंदच तापवायचं, पण १३५ अंशांच्या वर. खोकं वेगळं निर्जंतुक करायचं. मग बाहेरची हवा लागू न देता दोन्ही बंद करायचं. खोक्यात पुठ्ठा, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असे थर असतात, त्यामुळे उजेड आणि हवा आत जात नाही. ओटचं दूधही स्वीडनमधलंच, लुंड विद्यापीठातल्या रिकार्ड ओस्टे यांच्या संशोधनातून १९९० च्या दशकात आलेलं.

अशा रीतीने काही तासांची मर्यादा काही महिन्यांवर गेली. मोठंच काम झालं, मी नाव ठेवत नाही. पण त्या महिन्यांचा हिशोब बंद खोक्याचा आहे. झाकण फिरवलं की हवा आत गेली, आपला हात लागला आणि छापलेली तारीख संपली. तिथून नवी मर्यादा सुरू होते, आणि ती खोक्यावर कोणी छापून देत नाही. "फोडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, इतक्या दिवसांत संपवा" अशी बारीक अक्षरातली ओळ असते. पण ते दिवस कधीपासून मोजायचे, हे फोडणाऱ्यालाच माहीत.

यात आणखी एक अडचण आहे. आपलं नाक गाईम्हशीच्या दुधावर तयार झालं आहे. त्या दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. जिवाणू तिचं आम्ल करतात आणि आम्लाने केसीन हे प्रथिन गोठतं. म्हणून आंबट वास येतो, गुठळ्या होतात, आणि झोपेतसुद्धा आपण ओळखतो. बदाम, सोया, ओट यांच्या दुधात ना लॅक्टोज, ना केसीन. तेही आंबतं, पण नेहमी त्याच खुणा दाखवून नाही. म्हणून कोणती खूण खरी आणि कोणती फसवी, ते सांगते.

खोकं फुगलेलं असेल तर आत वायू धरला आहे. ते उघडून पाहायचंसुद्धा नाही, टाकायचं. खाली साका आणि वर पाणी दिसलं तर घाबरू नका. बी आणि पाणी वेगळं होणारच, हलवल्यावर एकजीव झालं की ठीक. हलवूनही कण, गुठळ्या राहिल्या किंवा ओतताना तार सुटली, तर ते गेलं. चहा-कॉफीत फाटलं म्हणजे नासलंच असं नाही. उष्णता आणि आम्ल यांनी ताजं सोयादूधही कधी कधी फाटतं. असं समजून न घेता मी एकदा चांगलं दूध मोरीत ओतलं आहे. वास थंड दुधाला येत नाही. दोन चमचे वाटीत काढा, दहा मिनिटं बाहेर ठेवा आणि मग वास घ्या. सोया आणि ओटला आंबूस वास येतो, बदामाला खवट, नारळाच्या दुधाला साबणासारखा. झाकणाच्या आतल्या कडेलाही बघा, बुरशी तिथे आधी दिसते. आणि संशय आला तर चाखून पाहू नका. चलितरस चाखून ठरवण्यात पापही आहे आणि पोटाला धोकाही.

पण या सगळ्या खुणा कळल्या तरी त्या पुरत नाहीत. २०२४ साली कॅनडात वनस्पतींच्या दुधातून लिस्टेरिया नावाच्या जिवाणूची बाधा झाली. २० जण आजारी पडले, त्यांतले तिघे गेले. हा जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि त्याने दुधाचा रंग, वास, चव बदलेलच असं नाही. तिथे गृहिणीचा काही दोष नव्हता, बाधा कारखान्यातच झाली होती. ते वाचताना मला सासूबाई आठवल्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा विचार करून ज्यांनी मर्यादा घातल्या, त्यांनी नाकावर भरवसा ठेवला नव्हता. त्यांनी काळ मोजला.

म्हणून आता माझ्या स्वयंपाकघरात नियम आहे. पॅक फोडला की त्यावर तारीख आणि वेळ लिहायची, मग फोडणारी नात असो की मी. पेन दोरीने फ्रिजलाच बांधून ठेवलं आहे. खोक्यावर काहीही छापलेलं असो, आम्ही तीन दिवस धरतो, चातुर्मासात दोन. पॅक फ्रिजच्या दारात नाही, आतल्या फळीवर. तोंड लावून प्यायचं नाही. तारीख लिहिलेली नसेल तर वास न घेताच टाकायचं, नुकसान झालं तरी. लहान पॅक आणला की नुकसान कमी. घरी केलेलं दूध त्याच दिवशी संपवायचं.

यंदा पारणं पुन्हा आमच्याच घरी झालं. जाऊबाईंनीच तसं सांगितलं होतं, मी विचारायचं धाडस केलं नव्हतं. सकाळी उकळत्या पाण्यात बदाम टाकले, सोलले, वाटले आणि पंचाने गाळले. मुगाचं पाणी झाल्यावर पेला त्यांच्या हातात दिला.

"कधीचं गं हे?" त्यांनी विचारलं.

"आत्ताचं. सव्वानऊला गाळलंय."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, हसल्या आणि पेला रिकामा केला.

तुमच्या फ्रिजमध्ये आत्ता एखादा फोडलेला पॅक असेल तर उठून बघा, त्यावर तारीख आहे का.

उत्तम क्षमा.