बाकाबाई आणि काळी मारबत

श्रावण अमावास्येच्या पोळ्यानंतर दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, नागपुरात निघणाऱ्या मारबतींपैकी काळी मारबत ही भोसले घराण्यातील बाकाबाईची प्रतिमा होय, अशी शहरात रूढ समजूत आहे. मारबत म्हणजे बांबू, कागद व कापड यांची केलेली स्त्रीची अवाढव्य प्रतिकृती; रोगराई आणि इडापिडा तिच्याबरोबर निघून जावी, या श्रद्धेने ती वाजतगाजत मिरवून अखेरीस जाळली जाते. पिवळी मारबत तऱ्हाणे तेली समाजाने १८८५ मध्ये सुरू केल्याचे सांगतात आणि तिच्याकडे लोक रक्षणकर्ती म्हणून पाहतात. काळीच्या वाट्याला मात्र शिव्याशापच येतात. इंग्रजांना साथ दिली, हा बाकाबाईवरचा आरोप खोटा नाही. तथापि तो तिच्या दीर्घ आयुष्यातील एकाच प्रसंगावर उभा आहे, आणि त्या प्रसंगाचा अर्थ लावायचा तर इंग्रजांनी भोसल्यांकडून काय अपेक्षिले व त्या अपेक्षेला घराण्यातील निरनिराळ्या स्वभावांच्या माणसांनी कसे तोंड दिले, हे पाहणे आवश्यक ठरते.

१८०३ मध्ये आडगाव व गाविलगड येथील पराभवानंतर देवगावच्या तहाने कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गमावूनही नागपूरचे राजे दुसरे रघूजी यांनी तैनाती फौज, म्हणजे दरबाराच्या खर्चाने राज्यात ठेवायची इंग्रज कंपनीची फौज, अखेरपर्यंत स्वीकारली नाही. मार्च १८१६ मध्ये ते वारले. पुत्र परसोजी शरीराने व मनाने दुर्बल असल्याने कारभार कोणी पाहावा यावरून वाड्यात दोन तट पडले. एका बाजूला रघूजींची विधवा बाकाबाई होती, तर दुसऱ्या बाजूला पुतण्या मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब. आप्पासाहेबांनी प्रतिपक्षावर मात करण्यासाठी मे महिन्यातच तैनाती फौजेचा तह केला, पुढे फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजींचा खून झाला, आणि गादी आप्पासाहेबांकडे आली.

आप्पासाहेबांचा स्वभाव समोरच्याला होकार देऊन मनात नकार जपण्याचा होता. कंपनीच्या वकिलाला, म्हणजे रेसिडेंट जेन्किन्सला, मैत्रीची ग्वाही देत असताना त्यांची पेशव्यांशी बोलणी चालू होती. २४ नोव्हेंबर १८१७ रोजी त्यांनी पेशव्यांकडून आलेला सेनापती हा किताब आणि मानाची वस्त्रे उघड दरबारात स्वीकारली, आणि दोनच दिवसांनी सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई पेटली. संख्येने कितीतरी मोठी असूनही भोसल्यांची फौज हरली. पुढील वर्षी कैदेत नेले जात असताना आप्पासाहेब निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाने झुंजले आणि अखेर १८४० मध्ये जोधपूरला परक्या दरबाराच्या आसऱ्याने वारले. त्यांच्या हातून घडलेली दुष्कृत्ये शहराने विसरावीत आणि बंड तेवढे लक्षात ठेवावे, यात नवल नाही. राजाने लढावे, ही लोकांची अपेक्षा त्यांनी उशिरा का होईना पुरी केली होती.

बाकाबाईची प्रकृती याच्या उलट होती. १८१८ मध्ये दुसऱ्या रघूजींचा दौहित्र तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसवला गेला तेव्हा राज्याचा कारभार जेन्किन्सने स्वतःकडे ठेवला आणि वाडा व बाळराजाचे संगोपन बाकाबाईकडे राहिले. एवढ्या मर्यादित अधिकारात तिने घराणे टिकवण्याचे काम चिकाटीने केले, हे तिच्या टीकाकारांनीही ध्यानात घेण्याजोगे आहे. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. दत्तकाचा हक्क मानावा, असे मत रेसिडेंट मॅन्सेलनेही मांडले, म्हणजे वरिष्ठांना हवे होते त्याच्या विरुद्ध बोलण्याचे धैर्य त्या बाजूच्याही एका माणसाने दाखवले. परंतु गव्हर्नर जनरल डलहौसीने ते मानले नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर मातीमोलाने लिलावात गेले, जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात पाठवले गेले. सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन, असे बाकाबाईने बजावल्याचे इंग्रज इतिहासकार के याने नोंदवले आहे. राण्यांनी दाद मागण्यासाठी विलायतेपर्यंत माणसे धाडली. फितुराची म्हणून जिची प्रतिमा जाळली जाते, त्या स्त्रीचे हे वर्तन आहे.

जून १८५७ मध्ये टाकळीच्या छावणीतील घोडदळाचा उठावाचा बेत फसला, तेव्हा पंचाहत्तरीच्या आसपास असलेल्या बाकाबाईने आपले सारे वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकले आणि मराठी मुलूख शांत राहण्यास त्याचा मोठा हातभार लागला, असे सरकारी गॅझेटियर सांगते. हा निर्णय समर्थनीय ठरवता येत नाही, कारण त्याची किंमत फासावर गेलेल्यांनी मोजली. पण तो भित्रेपणाचा किंवा लोभाचाही म्हणता येत नाही. सीताबर्डीचा पराभव आणि आप्पासाहेबांची परागंदा अवस्था तिने पाहिली होती, आणि वाड्यात दत्तक घेतलेल्या मुलाचा हक्क अजून मान्य व्हायचा होता. शहराला राणीकडून रण हवे होते. तिने आयुष्यभर जे केले तेच याही वेळी केले, म्हणजे घर राखले.

१८५८ मध्ये ती वारली. तिच्या निष्ठेची दखल म्हणून सरकारने त्या दत्तकाला, जानोजींना, पुढे राजाबहादूर हा किताब दिला. तो सातारा जिल्ह्यातील देऊर या गावाच्या नावाने होता. नागपूरचे नाव त्यात नव्हते.