वतनाचा हिशेब

महाराला वतनाचा मोह सुटला नाही म्हणून तो गावकीत खितपत पडला, असे सांगणारे विद्वान आजही भेटतात. माणसाच्या वागण्याचे कारण त्याच्या स्वभावात शोधले की व्यवस्था आपोआप निर्दोष सुटते. म्हणून स्वभाव बाजूला ठेवू आणि हिशेब मांडू.

१८७४ च्या वतन कायद्याने महाराची चाकरी वंशपरंपरेने बांधलेली होती. कामाला वेळेची मर्यादा नव्हती. वतनदार हजर नसला तर घरातल्या दुसऱ्याला राबावे लागे. मोबदला म्हणजे इनाम जमिनीचा तुकडा आणि रयतेकडचे बलुते. तुकडा पिढीगणिक भावकीत वाटला जाई आणि बलुते रयतेच्या मर्जीवर अवलंबून असे. श्रम नक्की, दाम मात्र अनिश्चित!

मग वतन सोडले का नाही? कारण चाकरी सोडली की जमीनही जाई. आणि शहरात तरी काय होते? मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्यामुळे विटाळ होतो, हे त्याचे कारण. मागचे दार महाग आणि पुढचे अर्धे बंद, अशा वेळी हातचा तुकडा धरून राहणे हा मोह नव्हे. तो कोंडलेल्या माणसाचा व्यवहार आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्रज्ञ होते. ते केवळ उपदेशावर थांबले नाहीत. त्यांनी हिशेबच बदलू पाहिला. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. बलुत्याऐवजी रोख पट्टी सरकारने वसूल करावी, आणि चाकरी सोडणाऱ्याला पूर्ण सारा भरून जमीन राखता यावी, ही त्यातली मागणी. सुटण्याची किंमत कमी झाली की माणूस सुटतो, हे त्यामागचे सूत्र. विधेयक निभावले नाही. १९२९ साली त्यांना ते मागे घ्यावे लागले. १९३९ साली हरेगावच्या परिषदेत वतनदारांना पुन्हा एकत्र यावे लागले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले.

आज तोच आरोप नव्या शब्दांत येतो : ही मुले सरकारी नोकरीच्याच मागे का लागतात? उत्तर त्याच हिशेबात आहे. ज्यांच्या पूर्वजांचा दाम दुसऱ्याच्या मर्जीवर होता, त्यांना ठरल्या तारखेला मिळणारा पगार ही केवळ रक्कम वाटत नाही. त्यात मर्जीतून सुटका असते. आरोप करणाऱ्यांनी आधी दुसरी दारे किती उघडी आहेत ते मोजावे.