ठरावातील विज्ञान आणि वर्गातील विज्ञान

मार्च १९५८ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी लोकसभेपुढे वैज्ञानिक धोरणाचा ठराव ठेवला. सरकारी ठराव म्हटला की कलमे आणि उपकलमे डोळ्यांपुढे येतात. हा ठराव मात्र आजही वाचावासा वाटतो. त्यातील युक्तिवाद साधा आहे. राष्ट्राची भरभराट तंत्रज्ञान, कच्चा माल आणि भांडवल या तिहींच्या मेळावर अवलंबून असते. यांत तंत्रज्ञान बहुधा सर्वांत महत्त्वाचे. कारण नवे तंत्र हाती असले तर नैसर्गिक साधनांची उणीव भरून काढता येते आणि भांडवलाची गरजही घटते. हे तंत्र उगवते ते विज्ञानाच्या अभ्यासातून. यंत्रे आणि तज्ज्ञ परदेशांतून आणणाऱ्या गरीब देशाचे भांडवल सतत बाहेर वाहत राहते. म्हणजे आपल्यासारख्या देशाला विज्ञान ही चैन नव्हे, काटकसर आहे, असा ठरावाचा रोख होता.

ठरावात सहा उद्दिष्टे नोंदली होती. मूलभूत, उपयोजित आणि शैक्षणिक अशा सर्व अंगांनी विज्ञानाची जोपासना करणे हे पहिले. उत्तम संशोधकांचा पुरवठा, त्यांच्या कार्याचा सन्मान, ज्ञानशोधासाठी स्वतंत्र वातावरण हेही त्यात होते. ‘शैक्षणिक’ हा शब्द पहिल्याच उद्दिष्टात होता, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढील सहा दशकांत सर्वांत कमी वाट्याला आलेला शब्द तोच.

याची मुळे ठरावाच्या आधीची आहेत. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद १९४२ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, स्थापन झाली. लाहोरहून आलेले रसायनशास्त्रज्ञ शांतिस्वरूप भटनागर तिचे सूत्रधार. स्वातंत्र्यानंतर नेहरू स्वतः परिषदेचे अध्यक्ष झाले आणि प्रयोगशाळांची उभारणी विलक्षण वेगाने सुरू झाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी झाले. त्याच महिन्यात दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळाही उघडली. प्रजासत्ताकाची घटना अमलात येण्याच्या आधीच या दोन इमारती कामाला लागल्या होत्या! तिकडे होमी भाभांनी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली होती आणि १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाची धुरा घेतली होती.

या उभारणीला त्याच काळात विरोध झाला, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. विरोधक सामान्य नव्हते. ताऱ्यांच्या वर्णपटांचा अर्थ लावणारे समीकरण देणारे मेघनाद साहा १९५२ मध्ये कलकत्त्यातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले होते. संशोधन विद्यापीठांतून उपटून सरकारी प्रयोगशाळांत नेऊ नये, अणुसंशोधनही विद्यापीठांच्या पायावर उभे राहावे, असा त्यांचा आग्रह होता. ज्या खोलीत नवे ज्ञान घडते तिच्या शेजारच्या खोलीत विद्यार्थी बसला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. १९५६ मध्ये साहा निवर्तले. ठराव त्यांनी पाहिला नाही. वैयक्तिक मतभेदांचा रंगही या वादाला होता, हे मान्य करूनही मूळ मुद्दा त्यांचाच बरोबर होता, असे मला वाटते.

त्याला पुष्टी मिळाली ती अनपेक्षित ठिकाणाहून. जानेवारी १९६६ मध्ये, विमान अपघातात मृत्यू येण्याच्या काही दिवस आधी, भाभांनी मुंबईत एक व्याख्यान दिले. परिषदेच्या धर्तीवर प्रयोगशाळा उभारताना विद्यापीठांतील चांगली माणसे ओढली गेली आणि त्याची किंमत विद्यापीठांना दुबळे होऊन मोजावी लागली, असा स्पष्ट निष्कर्ष त्यांनी त्यात मांडला.

त्याच वर्षी कोठारी आयोगाचा अहवाल आला. दौलतसिंह कोठारी पदार्थवैज्ञानिक, तर सदस्य-सचिव होते आपले जे. पी. नाईक. शालेय शिक्षणाची पहिली दहा वर्षे प्रत्येक विद्यार्थ्याने विज्ञान आणि गणित शिकावे, ही शिफारस त्यांची. प्रादेशिक भाषांतून उच्च शिक्षण देण्याचाही आग्रह अहवालात होता. विज्ञान सक्तीचे झाले खरे. पण बहुतेक शाळांत ते फळ्यावरच राहिले. परीक्षानळी कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे, हे चित्र वाचकांपैकी अनेकांना परके नसावे.

हे चित्र बदलण्याचा एक प्रयत्न मध्य प्रदेशात झाला आणि त्यावर थोडे थांबायला हवे. १९७२ मध्ये होशंगाबाद (आजचे नर्मदापुरम) जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिक ग्रामीण शिक्षकांबरोबर बसून प्रयोग ठरवू लागले. सहावी ते आठवीची मुले लहान गटांत प्रयोग करीत. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात तयार उत्तरे नसत, प्रश्न असत. परीक्षेला पुस्तक उघडून बसण्याची मुभा होती. मनातील शंका मुले ‘सवालीराम’ नावाच्या काल्पनिक स्नेह्याला पत्राने कळवीत आणि त्यांना उत्तरेही येत! शिक्षकांसाठी दरमहा बैठक भरे. १९७८ पासून कार्यक्रम जिल्हाभर पसरला. पुढे एकलव्य संस्थेने तो सुमारे एक हजार शाळांपर्यंत नेला. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. तीस वर्षे टिकलेला प्रयोग एका आदेशाने संपला.

त्याचे बी मात्र पुण्यात रुजले. १९७८ मध्ये या कार्यक्रमात वर्षभर काम केलेले अभियंता अरविंद गुप्ता आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून भूमिती शिकवू लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये विद्यापीठांसाठीच स्थापन केलेल्या आयुका या संस्थेत जयंत नारळीकरांनी शाळकरी मुलांसाठी दार उघडे ठेवले होते. तेथील मुलांच्या विज्ञान केंद्रात गुप्तांनी पुढे दीर्घकाळ काम केले.

दिल्लीत धोरणे येतच राहिली: १९८३, २००३, २०१३. शेवटच्या धोरणाने संशोधनावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर नेण्याचे ध्येय पुन्हा सांगितले. २०२०–२१ मध्ये तो ०.६४ टक्के होता. २०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करायचे, त्यांतील मोठा हिस्सा सरकारबाहेरून यायचा आणि संशोधन विद्यापीठे व महाविद्यालयांत रुजवायचे, असा त्याचा हेतू आहे. साहांची तक्रार अखेर दफ्तरी दाखल झाली म्हणायची.

शाळांसाठी अटल टिंकरिंग लॅबची योजना आहे. निवड झालेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यम टिकवू पाहणाऱ्या शाळांनी त्यासाठी अवश्य अर्ज करावेत. उपकरणे आणि थ्रीडी प्रिंटर त्यातून येतील. होशंगाबादचे शिक्षक ज्या मासिक बैठकांत घडले, त्यांचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, हे मात्र शाळेच्या व्यवस्थापनाला आणि माजी विद्यार्थ्यांनाच ठरवावे लागेल.